जुनी स्पोर्ट्‌स कार दूरवर कशी न्यावी? टोइंगच्या पर्यायांचा आढावा

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत ब्रिटन, जर्मनी, इटली आणि अमेरिकेत बनलेल्या स्पोर्ट्‌स कार आज मुख्यतः संग्राहकांकडे आहेत. एमजी-बी, ट्रायम्फ टीआर-६, ऑस्टिन-हीली ३०००, जॅग्वार ई-टाइप, पोर्शे ९११, शेवरलेट कॉर्व्हेट ही त्यांतली ठळक नावे. या गाड्या मेळाव्यांना, शर्यतीच्या ट्रॅकवर, प्रदर्शनांना आणि जाणत्या कारागिरांकडे दुरुस्तीसाठी न्याव्या लागतात. अमेरिकेत हे अंतर सहज हजार-दोन हजार किलोमीटर भरते. तेवढे अंतर गाडी स्वतःच्या चाकांवर जाऊ शकतेच असे नाही. शर्यतीसाठी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर चालवण्याची परवानगी नसते, अर्धवट दुरुस्त झालेली गाडी सुरू होत नाही आणि ज्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले आहेत अशा इंजिनाला महामार्गावर दिवसभर राबवणे मालकाला परवडत नाही.

अशा वेळी गाडी दुसऱ्या वाहनामागे जोडून नेण्याचे चार मार्ग आहेत: टो-बार लावून चारही चाकांवर ओढणे, पुढची चाके डॉलीवर चढवून ओढणे, उघड्या ट्रेलरवर नेणे आणि बंद ट्रेलरमध्ये नेणे. निवड तीन प्रश्नांवर ठरते. प्रवासभर गाडीचे कोणकोणते भाग फिरत राहणार, ओढायचे एकूण वजन किती आणि ते वजन थांबवणारे ब्रेक कुठे आहेत? खर्चाचा हिशेब या तिन्हींनंतर करावा, कारण सर्वांत स्वस्त पद्धतीची भरपाई बहुतेकदा त्या जुन्या गाडीलाच करावी लागते.

पूर्वीची पद्धत

१९५० च्या दशकात शर्यतीच्या गाड्याही रस्त्यावरून चालवत नेल्या जात. १९५३ साली जॅग्वारच्या संघाने आपल्या सी-टाइप गाड्या चालवतच ल मांला नेल्या आणि त्याच गाड्यांनी चोवीस तासांची ती शर्यत जिंकली. अ‍ॅस्टन मार्टिनचा संघ ला शार्त्र या गावातल्या हॉटेलात उतरे आणि तिथून ल मांच्या ट्रॅकपर्यंत गाड्या रस्त्याने नेई. ज्या संघांकडे पैसा होता त्यांनी खास वाहने बांधली. मर्सिडीज-बेंझने ३०० एसएलचे इंजिन बसवून एका गाडीपुरता निळा ट्रान्सपोर्टर तयार केला. तो ताशी सुमारे १७० किलोमीटर वेगाने धावे. एडिनबराच्या इकुरी इकॉस संघाने कॉमर कंपनीच्या चासीवर तीन गाड्या मावतील असा ट्रान्सपोर्टर बांधून घेतला. २०१३ साली लंडनमधल्या लिलावात त्या वाहनाला सुमारे १८ लाख पौंड मिळाले. हौशी शर्यतपटूंना असे काही परवडणारे नव्हते. अमेरिकेत त्यांच्यापैकी अनेक जण स्टेशन वॅगनला टो-बार लावून गाडी मागे ओढत नेत. हलके आणि स्वस्त ट्रेलर बाजारात आल्यावर ती पद्धत हळूहळू मागे पडली.

चारही चाकांवर ओढणे

या पद्धतीत त्रिकोणी दांडा गाडीच्या चासीला पुढून घट्ट बसवतात, त्याचे टोक ओढणाऱ्या वाहनाच्या बॉल हिचवर अडकवतात आणि गाडी स्वतःच्या चाकांवर मागे धावते. ब्रिटनमध्ये या दांड्याला ए-फ्रेम म्हणतात. साहित्य थोडे लागते, ते घडी करून डिकीत ठेवता येते आणि मुक्कामी पोचल्यावर रिकामा ट्रेलर कुठे उभा करायचा हा प्रश्न येत नाही. अमेरिकेत मोटरहोममागे छोटी गाडी नेणारी कुटुंबे हाच मार्ग पत्करतात. त्यांच्या गाड्या मात्र बहुधा अशा असतात, ज्यांच्या पुस्तिकेत चारही चाकांवर ओढण्याची परवानगी उत्पादकानेच दिलेली असते.

जुन्या स्पोर्ट्‌स कारची पहिली अडचण गिअरबॉक्सची. बहुतेकींचे इंजिन पुढे आणि चालक चाके मागे. मागची चाके फिरली की डिफरन्शियल, प्रोपेलर शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट हे सारे फिरते. इंजिन चालू असताना इनपुट शाफ्टशी कायम जुळलेला लेशाफ्टही फिरत असतो, आणि त्याचे दाते तळातले तेल उडवून वरच्या गिअरपर्यंत पोचवतात. इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रलमध्ये असला की लेशाफ्ट थांबतो. त्याच्याशी जुळलेले गिअरही थांबतात आणि मुख्य शाफ्ट त्यांच्या बुशांमधून नुसता फिरत राहतो. पाच-दहा किलोमीटरने काही बिघडत नाही. आठ तासांच्या प्रवासात त्या बुशांना आणि इनपुट शाफ्टच्या टोकातल्या बेअरिंगला पुरेसे तेल मिळेल याची मात्र खात्री देता येत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये धोका आणखी वाढतो. तिथला तेलाचा पंप सर्वसाधारणपणे इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे तेलाचा दाब शून्य.

उपाय आहे, तो प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवण्याचा. एमजी-बीमध्ये दोन्ही टोकांच्या फ्लँजवरचे प्रत्येकी चार बोल्ट सोडले की शाफ्ट सुटतो. काढण्यापूर्वी फ्लँजवर खुणा कराव्या लागतात, नाहीतर परत बसवताना जागा बदलून शाफ्ट थरथरू लागतो. ज्या गाड्यांत शाफ्टचे पुढचे टोक थेट गिअरबॉक्समध्ये सरकवलेले असते, तिथे ते भोक बंद केले नाही तर तेल गळून जाते. सर्व गाड्यांत हे काम इतके सोपे नसते. शाफ्ट काढला तरी डिफरन्शियल आणि अर्धे आस फिरतच राहतात. लोटस इलानच्या मागच्या आसांमध्ये रबराचे सांधे आहेत. ते प्रत्येक किलोमीटरला झिजतात.

दुसरी अडचण स्टिअरिंगची. ओढताना पुढची चाके वळणावर आपोआप वळावी लागतात, म्हणून स्टिअरिंगचे कुलूप उघडे ठेवणे भाग असते. अमेरिकेत विकलेल्या १९७० नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंग कॉलमला कुलूप असते. ते उघडे ठेवायला किल्ली फिरवून ठेवावी लागते आणि त्या स्थितीत काही गाड्यांची बॅटरी उतरत जाते. पुढच्या चाकांच्या बैठकीतला कलता कोन त्यांना पुढे जाताना सरळ ठेवतो. मागे जाताना तोच कोन उलटा काम करतो आणि चाके झटकन एका बाजूला पूर्ण वळतात. त्यामुळे असा जोड रिव्हर्स घेता येत नाही. चुकीच्या पेट्रोल पंपात शिरल्यावर बाहेर पडायला गाडी सोडवावी लागते.

तिसरी अडचण ब्रेकची आणि दांडा बसवायच्या जागेची. मागच्या हजार किलोंना स्वतंत्र ब्रेक नसला तर ते सारे वजन थांबवण्याचे काम पुढच्या वाहनावर पडते. ब्रिटनमध्ये ए-फ्रेमवर ओढलेली गाडी कायद्याने ट्रेलर मानली जाते आणि ७५० किलोंच्या वर तिचे ब्रेक चालू स्थितीत असणे बंधनकारक आहे. बंपरचे ब्रॅकेट ओढण्यासाठी बनवलेले नसतात, आणि पन्नास वर्षे जुन्या चासीत गंज नेमका पुढच्या टोकाला लपलेला असू शकतो. तारांची चाके असतील तर हबच्या खाचा, बेअरिंग आणि टायर या सगळ्यांची झीज प्रवासाच्या अंतराइतकी होते. म्हणून ही पद्धत गावातल्या गावात किंवा जवळच्या गॅरेजपर्यंतच ठीक. लांबच्या प्रवासासाठी ती टाळलेलीच बरी.

टो डॉली

डॉली म्हणजे दोन चाकांचा छोटा गाडा. गाडीची पुढची चाके त्यावर चढवून पट्ट्यांनी बांधतात आणि मागची रस्त्यावर फिरतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आधुनिक गाडीसाठी ही सोय उत्तम, कारण तिची इंजिनाशी जोडलेली चाके उचलली जातात. जुन्या स्पोर्ट्‌स कार बहुतांशी मागच्या चाकांवर चालतात. त्यामुळे डॉलीचा मुख्य फायदा त्यांना मिळत नाही: गिअरबॉक्स, शाफ्ट आणि डिफरन्शियलचा प्रश्न होता तसाच राहतो आणि प्रोपेलर शाफ्ट काढावाच लागतो.

गाडी उलटी चढवून मागची चाके उचलली, तर पुढची चाके रस्त्यावर उलट दिशेने धावतात. स्टिअरिंग बाहेरून पक्के बांधले नाही तर ती भरकटतात. पोर्शे ९११ सारख्या मागे इंजिन असलेल्या गाडीत तर सगळ्यांत जड भाग डॉलीवर येतो. शिवाय डॉलीचे मडगार्ड उंच आणि स्पोर्ट्‌स कारचे नाक खाली असते. चढताना पुढची झालर किंवा एक्झॉस्ट घासतो. डॉली रिव्हर्स घेणेही जवळजवळ अशक्य. रिकामी असताना ती हलकी असते, म्हणून खड्ड्यांवर उड्या मारते. दूरच्या प्रवासासाठी जुन्या स्पोर्ट्‌स कारला डॉली सुचवावी असे कारण सापडत नाही.

उघडा ट्रेलर

चारही चाके जमिनीवरून उचलली की वरचे बहुतेक प्रश्न मिटतात. गाडीचा एकही भाग फिरत नाही, ब्रेक ट्रेलरला असतात, स्टिअरिंगची चिंता उरत नाही आणि सवय झाल्यावर जोड मागेही घेता येतो. बहुतेक मालकांसाठी लांबच्या प्रवासाचे पहिले उत्तर हेच आहे. मात्र ट्रेलरचे वजन, तोल, चढण आणि बांधणी या चार गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात.

वजनाचा हिशेब एमजी-बीच्या उदाहरणाने पाहता येतो. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डन इथे बनलेली ही गाडी सुमारे १,००० किलोंची. दोन आसांचा पोलादी ट्रेलर ७०० ते १,००० किलोंचा असतो. अमेरिकेत यू-हॉल कंपनी भाड्याने देते तो गाडीचा ट्रेलर रिकामाच सुमारे १,००० किलो भरतो. अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर हलका पण महाग. ८०० किलोंचा ट्रेलर आणि सुटी चाके, जॅक, हत्यारे यांचे १०० किलो धरले तर ओढायचे वजन १,९०० किलो होते, म्हणजे गाडीच्या जवळजवळ दुप्पट. नुसत्या गाडीचे वजन पाहून ओढणारे वाहन ठरवणाऱ्यांची फसगत इथेच होते.

तोल म्हणजे हिचवर किती भार पडतो हे. अमेरिकेत साध्या बॉल हिचसाठी एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार धरतात. १,९०० किलोंना तो १९० ते २८५ किलो येतो. युरोपात वेग कमी ठेवला जातो आणि बहुतेक मोटारींच्या हिचवरच्या भाराची मर्यादा ७५ ते १०० किलोंच्या आसपास असते. तिथे ट्रेलर आणि वाहन दोन्हींची मर्यादा पाहून भार ठरवतात. भार कमी पडला की ट्रेलर डोलू लागतो आणि वेगाबरोबर ते हेलकावे वाढत जातात. जास्त झाला की ओढणाऱ्या वाहनाची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगला पकड राहत नाही. गाडी ट्रेलरवर किंचित पुढे-मागे सरकवून हा भार नेमका ठेवता येतो. ट्रेलरच्या आसांपासून हिचपर्यंत ४ मीटर अंतर असेल, तर १,००० किलोंची गाडी १० सेंटिमीटर पुढे घेतल्यावर हिचवर २५ किलो भार वाढतो. एकदा भार मोजून योग्य जागा सापडली की ट्रेलरच्या तळावर रंगाने खूण करावी.

पोर्शे ९११ चे साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागच्या चाकांवर असते. सरळ चढवली तर ती पुढे-पुढे घ्यावी लागते, आणि ट्रेलर आखूड असला तर जागाच उरत नाही; म्हणून काही जण ती उलटी चढवतात. उलटी चढवताना वाऱ्याचा विचार हवा. ई-टाइपचे बॉनेट नाकाजवळ बिजागरीवर असते आणि काचेकडून उघडते. पुढे तोंड असताना वारा ते दाबून धरतो, उलट्या दिशेने मात्र त्याच्या उघडणाऱ्या कडेखाली शिरतो. कापडी छत असलेल्या गाड्यांनाही उलटा वारा सोसत नाही.

चढण हा या गाड्यांचा नाजूक भाग. पोटाखाली जेमतेम १२ सेंटिमीटर जागा असणे सामान्य. ऑस्टिन-हीली ३००० चा एक्झॉस्ट त्याबाबत विशेष बदनाम आहे. ट्रेलरचा तळ जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आणि रॅम्प दीड मीटरचे असतील तर चढ सुमारे २४ अंशांचा होतो. रॅम्प २.४ मीटर केले तर तो साडेचौदा अंशांवर येतो. तरीही २.३ मीटर चाकअंतराच्या गाडीचे पोट रॅम्प आणि तळाच्या सांध्यावर टेकते, कारण त्या कोनाला मध्यभागी साधारण १४ ते १५ सेंटिमीटर मोकळी जागा लागते. म्हणून मागचे टोक उतरते केलेला किंवा पूर्ण तळच मागे कलणारा ट्रेलर घेणे शहाणपणाचे. ब्रायन जेम्स आणि इफोर विल्यम्स या ब्रिटिश कंपन्या असे ट्रेलर बनवतात. रॅम्पखाली लाकडी फळ्या ठेवून कोन आणखी कमी करता येतो. विंच असेल तर गाडी इंजिन न लावता सावकाश वर घेता येते. तिचा हुक चासीच्या भक्कम जागी अडकवावा, बंपरला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला कधीही नाही. ट्रेलरचे मडगार्ड दारापेक्षा उंच असेल तर गाडी वर चढल्यावर दार उघडत नाही आणि चालक आतच अडकतो. निघणारे मडगार्ड हा त्यावरचा सोपा उपाय.

बांधणीच्या दोन पद्धती आहेत. आसाला किंवा चासीला रॅचेटचे पट्टे लावणे ही जुनी पद्धत. चासी बांधली तर खड्ड्यात स्प्रिंग दबताच पट्टा सैल होतो आणि पुढच्या क्षणी झटका बसतो. टायरवरून जाळीसारखे पट्टे टाकून चाकच तळाला धरणे ही दुसरी पद्धत. तिच्यात गाडी आपल्या स्प्रिंगवर मोकळी हलते आणि जुन्या चासीवर ताण येत नाही. तारांच्या चाकांना हुक अडकवणे मात्र निषिद्ध, तारा वाकतात. अमेरिकेत व्यावसायिक वाहतूकदारांना अशा गाडीला पुढे आणि मागे मिळून किमान दोन पट्ट्यांनी बांधावे लागते, पट्ट्यांची एकत्रित क्षमता गाडीच्या वजनाच्या निम्मी तरी असावी लागते आणि निघाल्यावर पहिल्या ८० किलोमीटरच्या आत बांधणी पुन्हा तपासावी लागते. खाजगी मालकांवर हा नियम लागू नसला तरी त्यांनी तो पाळण्यातच शहाणपण आहे.

उघड्या ट्रेलरचा दोष म्हणजे उघडेपणा. ओढणाऱ्या वाहनाच्या मागच्या चाकांनी उडवलेले खडे सरळ गाडीच्या नाकावर येतात. ट्रेलरच्या पुढे उभी ढाल लावली तर त्यातले बरेच अडतात. कापडी आवरण घालणे हा उपाय नव्हे. ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यात ते फडफडून रंग घासून काढते. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या प्रदेशांत प्रवास संपताच खालून पाणी मारून धुणे आवश्यक.

बंद ट्रेलर

बंद ट्रेलरमध्ये गाडी ऊन, पाऊस, खडे आणि नजरा यांच्यापासून सुरक्षित राहते. रात्री हॉटेलच्या आवारात आत काय आहे हे कोणालाही दिसत नाही, आणि ट्रॅकवर पोचल्यावर तोच ट्रेलर छोटे वर्कशॉप होतो. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रदर्शनासारख्या ठिकाणी, जिथे रंगावरचा ओरखडाही गुण कमी करतो, तिथे बहुमोल गाड्या बंद वाहनांतूनच येतात.

त्याची किंमत वजनात आणि वाऱ्यात मोजावी लागते. सहा-सात मीटर लांबीचा पोलादी बंद ट्रेलर रिकामा १,४०० ते २,००० किलो भरतो. त्यात एमजी-बी आणि सामान ठेवले की २,५०० किलोंच्या पुढे आकडा जातो. समोरचा उभा पत्रा वारा अडवतो, म्हणून इंधन जास्त लागते, आणि बाजूचा वारा किंवा शेजारून जाणारा ट्रक जोडाला ढकलतो. ब्रिटनमध्ये मोटारीमागच्या ट्रेलरची रुंदी २.५५ मीटर आणि लांबी ७ मीटरपर्यंतच चालते. घेताना आतल्या रुंदीपेक्षा मागच्या दाराची आणि चाकांच्या खोक्यांमधली रुंदी मोजावी. चालकाच्या बाजूला मोठे दार असेल तर गाडीतून उतरताना तिचे दार भिंतीवर आपटत नाही.

ओढणारे वाहन

ट्रेलर ठरला की वाहन ठरवायचे. त्याच्या जाहिरातीत ठळक छापलेला ओढण्याचा आकडा पुरेसा नाही. वाहन, प्रवासी, सामान आणि ट्रेलर यांच्या एकत्रित वजनाची मर्यादा वेगळी असते, आणि हिचवरचा भार वाहनाच्या स्वतःच्या भारक्षमतेतून वजा होतो. ६०० किलो भार घेणाऱ्या पिकअपवर हिचचे २३० किलो आणि चार प्रवाशांचे ३०० किलो गेले की सामानाला ७० किलोच उरतात. अमेरिकेत पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने हा आकडा ठरवी. नंतर जे-२८०७ ही समान चाचणी आली आणि टोयोटाने ती सर्वप्रथम स्वीकारली. अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर, भर उन्हाळ्यात एसी चालू ठेवून, वेग ठरावीक मर्यादेखाली न जाऊ देता जोड वर नेणे हा त्या चाचणीचा एक भाग आहे. जुने वाहन घेताना त्याचा आकडा कोणत्या पद्धतीने ठरला हे पाहणे म्हणूनच उपयोगी.

ताकदीइतकेच महत्त्व लांब चाकअंतर, जड बांधा आणि भक्कम ब्रेक यांना आहे. डोलणाऱ्या ट्रेलरला तेच आवरतात. उघड्या ट्रेलरला मध्यम आकाराची एसयूव्ही पुरते. बंद ट्रेलरला मोठा पिकअप, किंवा युरोपात ३,५०० किलो ओढण्याची मान्यता असलेली लँड रोव्हर डिस्कव्हरीसारखी गाडी लागते. डोंगरात हवा विरळ होते: टर्बो नसलेले इंजिन दर ३०० मीटरला सुमारे तीन टक्के शक्ती गमावते. कोलोरॅडोतल्या आयझेनहॉवर बोगद्याची उंची सुमारे ३,४०० मीटर आहे. तिथे ही तूट एक तृतीयांशाच्या आसपास पोचते. विजेवर चालणारी वाहने सहज ओढतात, पण ट्रेलर लावल्यावर त्यांचा पल्ला साधारण निम्म्यावर येतो आणि बऱ्याच चार्जिंग स्थानकांवर ट्रेलर सोडून आत जावे लागते.

ब्रेक, टायर आणि कायदा

ट्रेलरचे ब्रेक दोन प्रकारचे. ओव्हररन ब्रेक ट्रेलर पुढे रेटू लागला की त्या दाबाने लागतात. युरोपात तेच रूढ आहेत. अमेरिकेत विजेचे ब्रेकही सर्रास वापरतात, ज्यांचा जोर चालक आपल्या जागेवरून कमी-जास्त करू शकतो आणि डोलणारा ट्रेलर फक्त त्याचे ब्रेक दाबून सरळ करू शकतो. दोन्हींत जोड तुटल्यास ट्रेलर आपोआप थांबवणारी केबल असायला हवी. अमेरिकेत ठरावीक वजनाच्या ट्रेलरपासून ब्रेक सक्तीचे आहेत. अनेक राज्यांत ही मर्यादा १,३६० किलोंच्या आसपास आहे. ब्रिटनमध्ये ब्रेक नसलेला ट्रेलर ७५० किलोंपर्यंत किंवा वाहनाच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत, यांतले जे कमी तेवढाच चालतो. म्हणजे कुठल्याही गाडीच्या ट्रेलरला ब्रेक हवेतच.

वेगमर्यादाही वेगळी असते. कॅलिफोर्नियात ट्रेलर जोडल्यावर ताशी ५५ मैल, ब्रिटनच्या मोटरवेवर ६० मैल, जर्मनीत सर्वसाधारणपणे ८० किलोमीटर आणि खास मान्यता असल्यास १००. या मर्यादांमागे भौतिकशास्त्र आहे: ताशी ८० ऐवजी ११० किलोमीटरने जाणाऱ्या जोडाची गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट असते. ट्रेलरचे टायर फार न धावताच म्हातारे होतात. वर खाचा भरपूर दिसल्या तरी पाच-सहा वर्षांनी ते बदलावेत. हवा शिफारशीइतकी भरावी आणि प्रत्येक थांब्यावर हबला हात लावून पाहावा. एखादा हब इतरांपेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतो आहे.

टोइंगशिवायचे मार्ग

वर्षातून एखाद्याच वेळी गाडी न्यायची असेल तर ट्रेलर आणि मोठे वाहन विकत घेण्यापेक्षा व्यावसायिक वाहतूकदार स्वस्त पडतो. उघडा मल्टी-कार ट्रक सर्वांत स्वस्त. हायड्रॉलिक लिफ्ट असलेला बंद ट्रक महाग, पण त्यात बुटकी गाडी आडवी वर उचलली जाते आणि रॅम्पचा प्रश्नच राहत नाही. गाडी सोपवण्यापूर्वी सर्व बाजूंनी फोटो काढावेत, नोंदपत्रावर प्रत्येक ओरखडा लिहून घ्यावा आणि विमा बाजारभावाने आहे की मालकाशी ठरलेल्या किमतीने, हे लेखी विचारावे.

भारतात प्रवासी गाडीमागे ट्रेलर लावण्याची प्रथा फारशी नाही. मुंबई-पुण्यातले संग्राहक आपल्या जुन्या गाड्या दूरच्या मेळाव्याला फ्लॅटबेडवर किंवा बंद कंटेनरमधून धाडतात. दोरीने टोचन करून नेणे फक्त बंद पडलेल्या गाडीला जवळच्या गॅरेजपर्यंत पोचवण्यापुरतेच. फ्लॅटबेडवरही पट्ट्यांचे आणि हिंदकळण्याचे तेच नियम लागू पडतात. बोर घाट किंवा कसारा घाट उतरण्याआधी थांबून पट्टे तपासणे तिथेही गरजेचे आहे.

निवडीचा क्रम

आधी गाडी वजनकाट्यावर नेऊन तिचे खरे वजन, चाकअंतर आणि पोटाखालची उंची मोजावी. मग मूल्य पाहावे. रस्त्यावर वापरलेली, खडे लागलेली तरी चालणारी गाडी असेल तर कमी उंचीचा, ब्रेक असलेला उघडा ट्रेलर घ्यावा. प्रदर्शनासाठी रंगवलेली किंवा दुर्मिळ गाडी असेल, किंवा हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून जायचे असेल, तर बंद ट्रेलर किंवा बंद ट्रक. टो-बार आणि डॉली थोड्या अंतरासाठी, शाफ्ट काढून आणि वेग मर्यादित ठेवून. ट्रेलर ठरल्यावर भरलेले एकूण वजन वाहनाच्या मर्यादेच्या बरेच खाली बसते का ते पाहावे. काठावर बसत असेल तर वाहन बदलावे किंवा वाहतूकदाराकडे जावे. निघण्यापूर्वी भरलेला जोड मोकळ्या रस्त्यावर थोडा चालवून, हिचवरचा भार तोलून आणि पट्टे पुन्हा ताणून घेतले की पुढचे हजार किलोमीटर गाडीवर किंवा चालकावर नाहक ताण येत नाही.